देवगिरीच्या वाटेवरची टकटक

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाणारा रस्ता तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. शाळेची सहल, एस.टी.ची लाल गाडी, खिडकीपाशी बसण्यावरून झालेली भांडणं आणि डब्यातल्या पोळीभाजीचा वास! अंतर जेमतेम तीस किलोमीटर. पण एवढ्याशा वाटेवर केवढा इतिहास दाटीवाटीनं बसला आहे! शहरातून निघताना मलिक अंबरानं १६१२ साली बांधलेला भडकल दरवाजा, पुढे यादवांची देवगिरी, म्हणजेच दौलताबादचा किल्ला, मग घाट, मग खुलताबाद आणि शेवटी वेरूळची लेणी. या वाटेवर डोळ्यांना इतकं काम असतं की बिचाऱ्या कानांकडे कुणी लक्षच देत नाही. आज मात्र आपण हा रस्ता कानांनी पाहणार आहोत. का, ते कळेलच.

गोष्ट आहे १९९७ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, ते बदललं २०२३ साली. मी नववीत होतो आणि आजोळी आलो होतो. मामा वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात कामाला होते. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा मोठा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला दुचाकीचे सुटे भाग बनवणारे कितीतरी लहानमोठे कारखाने उभे राहिले. त्यामुळे या शहरात घरोघरी कुणीतरी नट-बोल्टवाला, गिअरवाला नाहीतर रंगवाला भेटतोच. मामा दातेरी चक्रं कापणाऱ्या मशीनवर होते. त्यांच्याकडे शंभर सीसीची एक मोटारसायकल होती. कोणत्या कंपनीची ते सांगण्यात अर्थ नाही, कारण पुढे जे घडलं ते कुठल्याही गाडीचं होऊ शकतं.

आधी ‘कधी?’, मग ‘कुठून?’

सकाळी आठला आम्ही निघालो. भडकल दरवाजा, मिलकॉर्नर, बाबा पेट्रोल पंप, खाम नदीचा पूल. इथपर्यंत रिक्षांच्या पोंगाट्यात काही कळलं नाही. नगर नाक्याला डावीकडचा रस्ता वाळूजकडे जातो. आम्ही उजवीकडे वळलो. छावणी मागे पडली, रहदारी विरळ झाली आणि पडेगावच्या अलीकडे मला मागं बसल्याबसल्या ऐकू आलं, ‘टक्... टक्... टक्...’

“मामा, काहीतरी वाजतंय.”

“मलाही तसंच वाटतंय,” मामा म्हणाले आणि त्यांनी गाडी एका लिंबाच्या सावलीत घेतली.

मला वाटलं, आता मामा खाली वाकून इकडेतिकडे बघतील, दोनचार ठिकाणी पाना फिरवतील. तसं काहीच झालं नाही. ते शांतपणे म्हणाले, “भाचेबुवा, आवाज कुठून येतो हे शेवटी विचारायचं. गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. एका टोकाला टिचकी मारली की दुसरं टोकही वाजतं. आपले कान फसतात. म्हणून आधी विचारायचं, आवाज *कधी* येतो? आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळणारच नाही.”

मग सुरू झाला आमचा तपास. गुप्तहेराच्या गोष्टीत जसे एकेक संशयित सुटत जातात ना, अगदी तसा.

पहिला संशयित, लोंबत्या वस्तू. किल्लीला लटकवलेला छल्ला, नंबरप्लेट, साइडस्टँड, डिकीतले पाने. छल्ला काढून खिशात टाकला, पाने फडक्यात गुंडाळले, नंबरप्लेट आणि स्टँड हातानं हलवून पाहिले. पन्नास मीटर गेलो. टक्... टक्... आवाज कायम. शिवाय लोंबती वस्तू खड्ड्यात जास्त वाजते आणि गुळगुळीत रस्त्यावर गप्प बसते. हा आवाज खड्ड्यांना विचारत नव्हता. घड्याळासारखा एका ठेक्यात चालला होता.

दुसरा संशयित, इंजिन. गाडी थांबवून न्यूट्रलमध्ये घातली आणि रेस दिली. इंजिन नेहमीसारखं बोललं, टकटक अजिबात नाही. तरी मामांचं समाधान झालं नाही. गाडी चालू असताना त्यांनी क्लच दाबला. आता इंजिन मंदावलं, पण गाडी आपल्या वेगानं पुढे जात राहिली. आवाज? त्याच ठेक्यात चालू! म्हणजे त्याचं नातं इंजिनाच्या फेऱ्यांशी नव्हतं, गाडीच्या वेगाशी होतं. इंजिन निर्दोष सुटलं.

तिसरा संशयित, ब्रेक. चालत्या गाडीत मामांनी आधी पुढचा आणि मग मागचा ब्रेक अगदी हलकासा लावला. ब्रेकच्या आत काही घासत असतं तर तेवढ्यानं आवाज बदलला असता, पण फरक पडला नाही.

आता उरली फिरणारी मंडळी, म्हणजे चाकं, त्यांची बेअरिंगं आणि चेन.

मिटमिट्याचा हिशेब

पडेगावच्या पुढे मिटमिटा लागतं. या रस्त्यावर तेव्हा दोन्ही बाजूंना जुने, दाढीवाले वड होते. सावलीत मामांनी गाडी लावली आणि पिशवीतून मोजपट्टी काढली. कारखान्यात काम करणाऱ्या माणसाच्या पिशवीत कंगवा नसला तरी मोजपट्टी असते! विटेच्या तुकड्यानं मागच्या टायरवर एक खूण केली, तशीच खाली रस्त्यावर केली. चाकाची बरोबर एक फेरी होईपर्यंत गाडी ढकलली आणि दुसरी खूण केली. दोन खुणांमधलं अंतर भरलं १ मीटर ८५ सेंटिमीटर.

“आता मी काटा वीसवर धरून ठेवतो. तू एक मिनिटभर घड्याळाकडे बघ आणि ठोके मोज. नाडी मोजतात तसे.”

पहिल्यांदा मोजले ६६. परत मोजले, ६८.

आता गणित करू या. तुम्हीही कागद घ्या. ताशी २० किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे ३३३ मीटर. चाक एका फेरीत १.८५ मीटर जातं, म्हणजे मिनिटाला साधारण १८० फेऱ्या. टकटक चाकात असती तर ठोके १८० पडायला हवे होते. आम्ही तर ६७च्या आसपास मोजले होते. मग चाकाहून सावकाश फिरणारं असं गाडीत काय असतं?

मी डोकं खाजवत होतो. मामा हसले. “मागच्या चक्राला दाते ४२. चेनच्या कड्या ११२. चाकाची एक फेरी झाली की चेन पुढे सरकते फक्त ४२ कड्या. मग सगळी चेन एकदा फिरून यायला चाकाच्या फेऱ्या किती लागतील?”

११२ भागिले ४२ म्हणजे दोन पूर्णांक दोन तृतीयांश. आणि १८० ला त्यानं भागलं की येतात साडेसदुसष्ट!

मित्रांनो, शाळेत इतकी गणितं सोडवली होती, पण उत्तर बरोबर आलं म्हणून अंगावर काटा आला तो मिटमिट्याच्या त्या वडाखाली. टकटक करणारा चोर चेनच्या कुठल्यातरी एकाच कडीत बसला होता आणि प्रत्येक फेरीत एकदाच दार वाजवत होता.

पण चेन दिसत नव्हती. आपल्याकडच्या गाड्यांना धूळ लागू नये म्हणून चेनवर बंद पत्र्याचं कव्हर असायचं. आजही पुष्कळ गाड्यांना असतं. “पुढे दौलताबादला बघू,” मामा म्हणाले, “तिथली भिंत आपल्याला मदत करील.”

भिंतीला विचारा

भिंत कशी मदत करणार? मलाही तोच प्रश्न पडला होता.

शरणापूर फाटा मागे टाकला की समोर तो शंकूसारखा डोंगर दिसू लागतो. यादव राजा भिल्लम पाचवा यानं बाराव्या शतकात देवगिरीला राजधानी वसवली. पुढे १३२७ साली महंमद तुघलकानं दिल्लीहून राजधानी इथे हलवली आणि नाव ठेवलं दौलताबाद. डोंगराचे कडे तासून उभे केलेले, भोवती खंदक, आत जीव दडपून टाकणारी अंधारी वाट. शत्रूला चकवण्यासाठी इथे काय काय युक्त्या केल्यात ते पाहायला एक दिवस पुरत नाही. आमचं काम मात्र बाहेरच्या तटबंदीशी होतं. खुलताबादचा रस्ता या तटबंदीच्या जुन्या दरवाजातूनच जातो.

एरवी गाडीचा आवाज चहूकडे पसरतो आणि मोकळ्या रानात विरून जातो. शेजारी दगडी भिंत असली की तिच्यावर आपटून तो परत येतो. आणि भिंतीच्या बाजूला निघालेला आवाज जास्त येतो, कारण त्याला मध्ये गाडीचा, आपल्या पायांचा आडोसा नसतो. मामांनी रहदारी नाहीशी झाल्यावर तटाला डावीकडे ठेवून गाडी सावकाश नेली. टक्! टक्! कुणीतरी हातोडी मारावी तसा स्वच्छ आवाज. मग गाडी वळवून भिंत उजवीकडे ठेवून परत आणली. आवाज बोथट, दबका.

म्हणजे चोर डावीकडे होता. आमच्या गाडीची चेनही डावीकडेच. सातआठशे वर्षांपूर्वीच्या किल्ल्यानं साक्ष दिली होती!

खरी अडचण इथून पुढे सुरू झाली. समोर घाट होता. साडेनऊ वाजले होते. मला कधी एकदा कैलास लेणं पाहतो असं झालेलं. “मामा, वेरूळ तर आलंच की. चौदापंधरा किलोमीटर. तिथं बघू ना!”

मामा क्षणभर घाटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “चेन सपाटीवर तुटली तर गाडी नुसती थांबते. चढावर तुटली तर गाडी मागे घसरते. आणि तुटलेली चेन पुढच्या चक्रात गोळा होऊन अडकली तर मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. मागून ट्रक येत असला तर? आवाज म्हणजे गाडीनं मारलेली हाक असते. ऐकू आली नसती तर गोष्ट वेगळी. ऐकू आल्यावर न थांबणं बरं नाही.”

या वाटेवरून तेव्हा धुळ्याकडे जाणारे ट्रक सारखे जायचे. मी मुकाट्यानं खाली उतरलो.

माशाचं शेपूट

चेनकव्हरला एक रबरी बूच असतं. ते काढलं की रुपयाच्या नाण्याहून थोडं मोठं भोक दिसतं, आणि त्यातून चेनचा छोटासा तुकडा. मामांनी इंजिन बंद करून किल्ली काढली, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि मला हळूहळू ढकलायला लावली. स्वतः उकिडवे बसून ते त्या भोकातून बघत राहिले. किती ढकलायची हे आम्हाला आधीच ठाऊक होतं. १.८५ गुणिले दोन पूर्णांक दोन तृतीयांश, म्हणजे जवळजवळ पाच मीटर. पाच मीटरमध्ये चेनची प्रत्येक कडी खिडकीसमोरून एकदा जाणारच.

तीन मीटर झाले. चार झाले. “थांब!”

मी वाकून पाहिलं. काळ्या, तेलकट कड्यांमध्ये एक बारीक पट्टी चांदीसारखी चमकत होती. तिचा एक पाय बाहेर वाकला होता आणि कव्हरच्या पत्र्याला घासून घासून लखलखीत झाला होता.

ते होतं चेनचं लॉक. चेनची दोन टोकं एका सुट्या कडीनं जोडतात आणि ती कडी निसटू नये म्हणून तिच्यावर अशी छोटी स्प्रिंगपट्टी बसवतात. अख्ख्या गाडीचा आणि दोन माणसांचा भार ओढणारी चेन या नखाएवढ्या पट्टीच्या भरवशावर बंद राहते. आणि ती अर्धी निसटली होती.

जवळच पंक्चर काढणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींची टपरी होती. शेजारी बायका टोपल्यांतून सीताफळं विकत होत्या. दिवाळीच्या सुमाराला दौलताबादची सीताफळं ऐन भरात असतात. मामा म्हणाले, “चाचा, जरा बघता का?” चाचांनी कव्हर सोडवलं, लॉकवर बोट ठेवलं आणि खास आपल्या दखनी बोलीत म्हणाले, “ये लॉक उल्टा बिठाए किसने तो भी.”

महिन्याभरापूर्वी कुठल्याशा गॅरेजात चेन बदलली होती, तिथली ही करामत. चाचांनी मला जवळ बोलावलं. नवं लॉक हातावर ठेवलं. त्याचा आकार अगदी माशासारखा, एक बाजू गोल आणि बंद, दुसरी बाजू शेपटीसारखी दुभंगलेली. “मछली कैसी तैरती, बेटा? सर आगे, दुम पीछे. बस, याद रखो.”

चेन ज्या दिशेला धावते, त्या दिशेला लॉकचं बंद तोंड हवं. तसं असलं की वाटेत काही आपटलं तर ते गोल डोक्यावर आपटतं आणि लॉक उलट घट्ट बसतं. शेपूट पुढे असलं की कचरा, खडा, पत्रा, जे काही लागेल ते शेपटीला फाकवतं आणि ओढून काढतं. नियम एका ओळीचा, पण तो न पाळल्यानं आम्ही घाटात काय भोगलं असतं कोण जाणे.

पक्कड लावून चाचांनी लॉक बसवलं, चेनचा ताण तपासला, तेल सोडलं. मग इंजिन चालू करून एक गंमत केली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. धातूतून आवाज फारसा न विरता येतो आणि बाहेरचा गोंगाट मागे पडतो. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरानं रोग्याच्या छातीवर कागदाची गुंडाळी ठेवून हृदयाचे ठोके ऐकले, आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. चाचांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर त्याचाच चुलतभाऊ!

त्यांनी मलाही ऐकवलं. बारीक ‘टिकटिक’ असली तर टॅपेट सैल. वेगाबरोबर वाढत जाणारी ‘घर्रर्र’ आली तर चाकाचं बेअरिंग खराब. चढावर मोठ्या गिअरमध्ये इंजिन ‘कडकड’ करू लागलं तर ते म्हणतंय, ‘अरे बाबा, ओझं पेलत नाही, गिअर खाली टाक!’ प्रत्येक आजाराचा आवाज वेगळा.

चाचांनी पैसे घेतले मोजून दहा रुपये. मामांनी वर सीताफळं घेऊन दिली.

सुताराची झोपडी

घाट आम्ही सहज चढलो. गाडी गप्प झाली तशी बाकीची दुनिया ऐकू येऊ लागली. साळुंक्यांचा कलकलाट, वाऱ्याची सळसळ, खालच्या शेतातल्या मोटरपंपाची धडधड. हातकागदासाठी नावाजलेलं कागजीपुरा गेलं, मलिक अंबर आणि औरंगजेब या दोघांच्याही कबरी असलेलं खुलताबाद गेलं आणि आम्ही वेरूळला पोचलो.

कैलास लेण्याबद्दल तुम्ही खूप वाचलं असेल. डोंगर वरून खाली कोरत आणून घडवलेलं ते अखंड देऊळ पाहून माणूस मुका होतो. मी तुम्हाला सांगणार आहे दहाव्या लेण्याबद्दल. सातव्या शतकाच्या सुमारास कोरलेलं हे बौद्ध चैत्यगृह. त्याचं छत कमानदार आहे आणि त्याला दगडाच्याच फासळ्या आहेत, हुबेहूब लाकडी तुळयांसारख्या. म्हणून लोक त्याला ‘सुताराची झोपडी’ म्हणतात. आत कुणी एक सूर लावला की तो त्या कमानीखाली कितीतरी वेळ रेंगाळतो. दौलताबादची भिंत आवाज परत पाठवते. इथलं छत तो जपून ठेवतं.

आत बुद्धांची भव्य मूर्ती आहे. तिचे हात उपदेशाच्या मुद्रेत आहेत, एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांना स्पर्श करताहेत. पण या भागातल्या सुतारांनी तिच्यात आपला देव पाहिला, कारागिरांचा विश्वकर्मा. ते म्हणत, काम करताना देवाच्या बोटाला जखम झाली आहे आणि त्यानं ती दुसऱ्या हातानं धरली आहे! ज्यांच्या स्वतःच्या बोटांना रोज पटाशी लागायची, त्यांनाच अशी कल्पना सुचणार. मामा मूर्तीसमोर बराच वेळ उभे होते. त्यांच्याही दोन बोटांवर मशीननं केलेल्या खुणा होत्या.

आता तुमची पाळी

मोटारसायकल चालवायला तुम्हाला अजून वेळ आहे. अठरा वर्षं पूर्ण आणि खिशात लायसन्स, त्याच्याआधी नाही. पण सायकल तर आहे ना? ती कुरकुरत असेल तर हा तपास तुम्हीही करू शकता. पायडल मारणं थांबवून सायकल नुसती पळू द्या. आवाज तरीही येत राहिला तर चाकं, त्यांची बेअरिंगं, ब्रेक, मडगार्ड यांच्याकडे बघा. थांबला तर पायडल, त्याचा दांडा किंवा चेन. मग ठोके मोजा. पायडलच्या प्रत्येक फेरीला एक ठोका पडला तर चोर पायडलमध्ये किंवा दांड्यात आहे. दोन-अडीच फेऱ्यांना एकच ठोका पडला तर चेनची एखादी कडी जाम झाली आहे. नक्की आकडा हवा असेल तर पुढच्या चक्राचे दाते आणि चेनच्या कड्या मोजून भागाकार करा. प्रत्येक सायकलचं उत्तर थोडं वेगळं येईल.

एक गोष्ट मात्र कायम लक्षात ठेवा. चेन आणि दात्यांच्या मध्ये बोट गेलं तर ते क्षणात तुटू शकतं. फिरत्या चेनजवळ हात न्यायचा नाही, पुसायलासुद्धा नाही. सायकल उलटी करून चाक फिरवत बसलेल्या धाकट्या भावंडांना तर आधी दूर बसवा. तपासायचं ते लांबून, आणि हात लावायचा तो सगळं पूर्ण थांबल्यावर.

आणि आवाज सापडला पण दुरुस्ती जमण्यासारखी नसेल, तर सायकल हातात धरून मिस्त्रींकडे जा. जाऊन नुसतं “सायकल वाजतेय” असं म्हणू नका. “सपाट रस्त्यावर, पायडल मारतानाच, अडीच फेऱ्यांना एकदा वाजते,” असं सांगा. मग बघा, मिस्त्री हातातलं काम बाजूला ठेवून तुमच्याकडे कसे बघतात ते!